पाचवीची चाल

ता. ६ जानेवारी १९२९, रविवार

आज परिषदेची कमिटी ठरली. अध्यक्ष सुभेदार भिकाजी, चिटणीस मी. चिटणीस म्हणजे पत्रं लिहायची, मांडव घालायचा, पाणी भरायचं आणि काही चुकलं की शिव्या खायच्या. बाकी सगळे सन्माननीय सभासद.

तरी खरं सांगतो, आनंद झाला. आजवर आम्हा महारांच्या जिल्ह्यात जेवढ्या सभा झाल्या त्या पाण्यासाठी, शाळेसाठी, पलटणीतली भरती पुन्हा सुरू करण्यासाठी. मागण्याच मागण्या. ही पहिली सभा अशी की आम्ही कोणाकडे काही मागणार नाही. आमची गाणी, आमच्या पोरांनी लिहिलेल्या कविता, आमच्या बायकांच्या ओव्या, आमच्या पूर्वजांचा पराक्रम, हे आमचं आम्ही एक दिवस मांडून बसणार. १७ फेब्रुवारीला, रत्नागिरी शहरात, भर दिवसा.

पहिल्याच बैठकीत सुभेदारांनी दोन वर्षांपूर्वीचा ठराव पुन्हा वाचून दाखवला. यापुढे आपल्यापैकी कोणीही ढोल वाजवायचा नाही, ना गावच्या पालखीपुढे, ना लग्नात, ना आणखी कुठे. वाजवील त्याच्याशी रोटीबेटी बंद. त्या ठरावावर अक्षर माझं आहे. अंमलही पहिला मीच केला, आणि आमच्याच घरात. माझा बाप केरू म्हणजे पंचक्रोशीतला पहिल्या नंबरचा ढोलवाला. सत्तावीस सालच्या मे महिन्यात मी गावी गेलो, सगळी वाडी जमवली आणि त्याच्या ढोलाचं पान, म्हणजे वरचं कातडं, सुरीनं चिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बा काही बोलला नाही. त्याला पटलं असावं.

ता. १३ जानेवारी

राजाभाऊ वकील आमचे हितचिंतक. हितचिंतकांची एक पंचाईत असते. आम्हाला ओटीवर घ्यायची हिंमत नाही आणि अंगणात उभं करायची लाज वाटते. म्हणून ते स्वतःच अंगणात येऊन आमच्याबरोबर उभे राहतात. आज तासभर असे उभे होते.

त्यांनी परिषदेसाठी गावातलं नाटकगृह मिळवलं आहे. मालकाच्या अटी तीन. खुर्च्या आधीच उचलून ठेवणार, आम्ही जमिनीवर बसायचं. यायचं मागच्या दाराने. आणि दुसऱ्या दिवशी तो गोमूत्र शिंपून घेणार, त्याबद्दल आम्ही वाईट वाटून घ्यायचं नाही. वाईट वाटून न घेण्याची अट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

"काशीराम, तू लहानसहान गोष्टींत अडकतोस," राजाभाऊ म्हणाले. "कार्य झाल्याशी मतलब. आणि हे बघ, तुमचे ते ढोल ठेव. शिमग्याला पालखीपुढे लंगोट लावून वाजवतात ना, तसे. कलेक्टरसाहेब मडमेला घेऊन येतील. फार बघण्यासारखं असतं ते."

मी ठराव सांगितला. ते जरा गोंधळले. मग अगदी सरळ मनाने विचारलंन त्यांनी, "अरे, मग तुमची कला ती कुठली?"

या प्रश्नाला मी तिथल्या तिथे उत्तर द्यायला हवं होतं. सुचलं नाही. घरी येईपर्यंत सतरा उत्तरं सुचली.

ता. १४ जानेवारी

आज वर्गात दोघांना विनाकारण छड्या मारल्या. त्या राजाभाऊंच्या वाट्याच्या होत्या.

ता. २० जानेवारी

नाटकगृह नको म्हणून कळवलं. परिषद शहराबाहेर सड्यावर, उघड्या कातळावर मांडव घालून. तिथे झाड नाही, पाणी नाही, मेढ रोवायला बोटभर माती नाही. दगडांचे ढीग रचून त्यांत बांबू उभे करावे लागतील. दोन सभासद कुरकुरले, की माणसं उन्हात करपतील. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गोमूत्रापेक्षा ऊन बरं." विषय संपला. सुभेदारांचं मला हे आवडतं. चाळीस वर्षं दापोलीच्या पेन्शनरांत त्यांचा शब्द चालतो तो उगीच नाही.

ता. २७ जानेवारी

मुंबईहून महिपतरावांचं पत्र आलं. ते आमचे मुख्य पाहुणे. गोदीत कारकुनी करतात आणि स्वतःच्या हिमतीवर एक साप्ताहिक चालवतात. मूळचे खेडकडचे. पत्र इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की काशीराम उगाच भडकला.

'गोदीत एक अमेरिकन बोट लागली होती. तिच्या इंजिनात कोळसा टाकणारा एक काळा माणूस, त्याची माझी तीन दिवस ओळख झाली. त्याचे आजेपणजे गुलाम म्हणून बाजारात विकले गेलेले. तो सांगत होता, की तिकडे त्यांची माणसं आता संमेलनं भरवतात. कवी कविता वाचतात, चितारी चित्रं मांडतात, वाजवणारे वाजवतात, आणि कापसाच्या शेतात राबताना आजेपणजे जी गाणी म्हणायचे ती सगळे उभे राहून म्हणतात. मी विचारलं, गुलामीतली गाणी म्हणायला लाज नाही वाटत? तो म्हणाला, मालकाने आमच्याकडून कापूस नेला, गाणं त्याला नेता आलं नाही. काशीराम, मी तेव्हापासून ढोलाचा विचार करतो आहे. आपल्या परिषदेत ढोल हवा. तुमचे केरूबाबा आहेत ना अजून? त्यांच्या चाली मला ऐकून लिहून घ्यायच्या आहेत.'

म्हणजे वकील म्हणतो ढोल ठेवा, आणि आमचाच माणूस म्हणतो ढोल ठेवा. मग दोन वर्षं मी काय गवत उपटलं? तो बोटीवरचा माणूस बोलून बोटीत बसून गेला. माझ्या बाला त्याच गावात, त्याच मानकऱ्यांच्या पायाशी राहायचं आहे.

राहीला पत्र वाचून दाखवलं. ती मुलीला पाजत होती. म्हणाली, "बांनी ढोल वाजवायचा का नाय, त्ये बांना इचारलाव काय?"

मी म्हटलं, "ठराव वाचलायस का?"

"मना वाचता येत नाय," ती म्हणाली आणि मुलीला घेऊन मागच्या दारी गेली.

मास्तरची बायको निरक्षर. ही माझी आणखी एक लाज, तिचाही राग आला. तिला शिकवायला मला वेळ कुठे आहे?

ता. १० फेब्रुवारी, रविवार

गावी जाऊन आलो. सर्व्हिस मोटरवाल्याने जात विचारली आणि टपावर सामानात बसायला सांगितलं. उतरलो आणि चालत गेलो. पायांना फोड आले आहेत, पण ते टपावर बसण्यापेक्षा बरे.

परिषदेत माझं प्रास्ताविक भाषण आहे, 'आमची कला' या विषयावर. चौदा पानं झाली. त्यात एका ठिकाणी ढोलाच्या चालींची यादी घालावी म्हटलं. निषेध करायचा तरी कशाचा, ते नावानिशी सांगितलेलं बरं. बा कुंपणाच्या काट्या बांधत होता.

"बा, चालींची नावं सांग. लिहून घ्यायची आहेत."

"कसल्या चाली?"

"ढोलाच्या."

"त्या बंद झाल्या न्हवं? तूच केलंस."

"वाजवायच्या नाहीत. नुसती नावं हवीत."

"नावं वाजत नायत, काशा," तो म्हणाला. मग काट्यांची मोळी ओढून घेत म्हणाला, "इसारलंय मी."

म्हातारा खोटं बोलतो. बोलताना त्याची बोटं मांडीवर चालली होती. त्याच्याबरोबर सनई वाजवणारा सोनू गेल्या पावसाळ्यात तापाने गेला, हे मला आज कळलं. म्हणजे आता त्या चाली वाजवता येणारा माणूस जगात एकटा बा उरला. तो मेला की सगळं साफ. आमच्या ठरावाला तरी दुसरं काय हवं होतं? येताना सबंध वाट मी हेच स्वतःला बजावत होतो, आणि तरी डोकं भणभणत होतं. उन्हामुळे असेल.

भाषणात यादीच्या जागी एक वाक्य घातलं: 'ढोलावर पडलेला प्रत्येक ठोका दुसऱ्याच्या देवासाठी आणि दुसऱ्याच्या लग्नासाठी होता, त्यात आमचा असा एकही नव्हता.' वाक्य चांगलं उतरलं आहे.

ता. १५ फेब्रुवारी

महिपतराव आगबोटीने आले. किनाऱ्यावर आणणाऱ्या पडावातून उतरले ते पांढरेफटक, रस्त्याने दोनदा ओकले. घरी पेजभात पोटात गेल्यावर माणूस ताजातवाना झाला आणि पहिला प्रश्न विचारला, तुमच्या गावाची वाट कुठली. मी म्हटलं, मांडवाचं काम सोडून मी येणार नाही. "तुम्हाला कोण ये म्हणतंय," असं म्हणून काठी उचलून निघालेसुद्धा.

ता. १६ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी महिपतराव परत आले. मागून बा. बाच्या खांद्यावर ढोल.

ढोलाला नवं पान चढवलेलं. मी विचारलं, कधी चढवलंस? म्हणाला, "तवाच. तू गेलास त्याच म्हैन्यात." म्हणजे मी टाळ्या घेऊन आलो आणि मागे हा माणूस बकऱ्याचं कातडं भिजत घालून बसला. दोन वर्षं ढोल माळ्यावर आणि दोन वर्षं मी सगळीकडे सांगत फिरतो की सुधारणा घरापासून करावी, आमच्या घरात बघा. मी बाला बरंच बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

मग सुभेदार आले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ढोलाकडे न बघता महिपतरावांना म्हणाले, "मी सात वर्षांचा होतो. शिमग्याला बापाबरोबर टिमकी घेऊन पालखीपुढे उभा. एक ठोका चुकला, तर मानकऱ्याने वहाण काढून तोंडावर मारली. माझ्या बापाने वाजवणं थांबवलं नाही. थांबवता येत नव्हतं. माझ्या तोंडातून रक्त येतंय आणि माझा बाप वाजवतोय. तुमचा तो बोटीवरचा माणूस काय म्हणतो ते मला ठाऊक नाही. माझ्या परिषदेत ढोल वाजणार नाही."

महिपतरावांनी मान खाली घातली. बा तेवढा म्हणाला, "बरोबर हाय सुबेदारांचं. मी नुसता बसंन."

मी सुभेदारांच्या बाजूने होतो. अजूनही आहे.

ता. १७ फेब्रुवारी, रविवार

नीट क्रमाने लिहितो.

हजाराच्या वर माणसं आली. हर्णेच्या बाजूची माणसं दोन दिवस आधी निघालेली, भाकऱ्या बांधून. सकाळी बायकांच्या ओव्या झाल्या. मग जलशातली नवी गाणी, पेटी-तबल्यावर. दोन तरुणांनी कविता वाचल्या, एकाची तर फारच चांगली. पलटणीतल्या पराक्रमावर एका पेन्शनराने व्याख्यान दिलं. कातळ तापला होता, पण कोणी उठलं नाही. मला मनातून वाटत होतं, राजाभाऊंनी यावं आणि बघावं आमची कला ती कुठली. ते आले होते. मांडवाच्या कडेला छत्री घेऊन उभे.

बा मांडवाच्या बाहेर, जिथे सावली संपते तिथे बसला होता. ढोलावर घोंगडी टाकलेली.

माझं भाषण चांगलं झालं. ते वाक्य आलं, 'त्यात आमचा असा एकही नव्हता', तेव्हा टाळ्यांनी मांडव दणाणला. मी बाकडे बघितलं नाही.

नंतर महिपतराव उठले. त्यांनी त्या काळ्या खलाशाची गोष्ट सांगितली, कापसाची आणि गाण्याची. बायका अगदी कान देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाले, "ढोल वाजवायचा नाही असं अध्यक्षांनी सांगितलं आहे, ते मी पाळतो. पण बोलायला बंदी नाही. केरूबाबा, दोन शब्द बोला."

बा सभेत कधी बोललेला नाही. तो उठून व्यासपीठावर आला नाही, बायका बसल्या होत्या त्या बाजूला येऊन उभा राहिला. ढोल त्याने सवयीने गळ्यात अडकवून आणला होता.

"मास्तर बोलला त्यातली येक गोष्ट खरी नाय," तो म्हणाला. मला मास्तर म्हणाला. "गावकार म्हनत वाजव, आमी वाजवला. मंग मास्तर म्हनला वाजवू नको, आमी सोडला. मना कोनी इचारलान नाय. त्येचं काय नाय. पन येक चाल हाय, ती कोनाच्या सांगन्यानं वाजत नाय. पाचवीची. पोर जल्माला आलं का पाचव्या दिसाला, दिस मावळायच्या आत, आपल्या वाडीत, आपल्या दारात. पोराच्या कानात पयला ढोल आपला पडाया होवा. ही चाल गावकारांनी कदी आयकली नाय. आपल्यानं त्यांना कदी आयकिवली नाय. ह्याच्या पाचवीला मी वाजवलीय. ह्याच्या पोरीच्या पाचवीला मी आलो व्हतो. पन तवा ठराव व्हता."

आठवलं. ऑगस्टात बा भर पावसात चालत आला होता. पाच दिवसांच्या मुलीला बघितलं, उंबऱ्यावर बसला, न जेवता गेला. मी रोजनिशीत त्या दिवशी लिहिलं होतं, म्हातारा विक्षिप्त होत चालला.

बाने राहीकडे बघितलं. राही पहिल्या रांगेत मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली आणि मुलीला घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. ठराव तिला ठाऊक होता. तरी उभी राहिली.

आणि बाने वाजवायला सुरुवात केली.

ते पालखीसारखं नव्हतं. अंगात यावं असं काही नव्हतं त्यात. काठीची बाजू अगदी हलकी, आणि हाताची बाजू मऊ, कोणी दारावर थाप मारून हळूच विचारावं तशी. आमच्या म्हाताऱ्या बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले. त्यांना ती चाल ठाऊक होती. सगळ्यांना ठाऊक होती. चौदा पानं लिहिणाऱ्या एकट्या मला ठाऊक नव्हती.

सुभेदार उभे राहिले. "केरू, बंद कर," म्हणाले. बा डोळे मिटून वाजवत होता. सुभेदार व्यासपीठावरून उतरले आणि त्याच्याकडे निघाले.

मग मी ओरडलो. सबंध सभेत, हजार माणसांत. "खाली बसा, सुभेदार. तुमच्या बापाला थांबता आलं नाही, ती भडास माझ्या बापावर काढू नका."

ढोल थांबला.

बाने डोळे उघडले. सुभेदार वाटेत उभे होते, त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. बा मला म्हणाला, "काशा, सुबेदार वडील मानूस हाय. आसं बोलतात?" मग त्याने ढोल गळ्यातून काढला आणि खाली ठेवला. महिपतराव हात जोडून म्हणत होते, बाबा, पुरी करा, अर्धी राहिली. "ऱ्हाऊ दे," बा म्हणाला. "भांडनात वाजवायची न्हवं ती."

एकदा सुरीने बंद केला आणि एकदा तोंडाने. दोन्ही वेळा मीच.

ता. १८ फेब्रुवारी

राहीला विचारलं, पाचवीच्या चालीचं मला तू का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितला असता तर तुमी ठराव वाचून दावला असता."

ता. ४ मार्च

कमिटीचं पत्र आलं. अध्यक्षांचा अपमान आणि घरातच ठरावभंग, सबब चिटणीसपदावरून दूर, आणि माफी मागेपर्यंत आमच्या घराशी रोटीबेटी बंद. ठरावाची नक्कल सोबत जोडली आहे. नक्कल माझ्याच अक्षरातली. आपलेच दात, आपलेच ओठ.

राजाभाऊ सांत्वनाला येऊन अंगणात उभे राहिले. म्हणाले, "मी तुला आधीच म्हटलं होतं, ढोल ठेव." या माणसाला आपण काय म्हणालो होतो आणि काय घडलं यातला फरक मरेपर्यंत कळणार नाही. मी म्हटलं, "राजाभाऊ, आज ओटीवर बसून बोलू. तुमच्या." ते घड्याळ बघून गेले.

ता. ५ मार्च

सुभेदारांकडे गेलो. बोललो त्याची माफी मागितली, मनापासून. ती त्यांनी घेतली, पण ठरावभंगाची माफी बा स्वतः मागेपर्यंत बंदी उठणार नाही म्हणाले. मग म्हटलं, ठरावात एक ओळ घाला, पाचवीला आपल्या वाडीत वाजवायला हरकत नाही.

"नाही," ते म्हणाले. "मास्तर, ती माझ्याही पाचवीला वाजली असेल. पण आपण एका दारात वाजवू लागलो की उद्या मानकरी म्हणणार, हात चालतात ना तुमचे, मग आमच्या दारात का नाही? एक फट ठेवली की त्यातून सगळं गाव आत येतं."

मी म्हटलं, "मग त्यांच्या भीतीने आमचंही आम्ही पुरायचं?"

"हो," म्हणाले. "काही वर्षं."

बाचं वय सदुसष्ट आहे. काही वर्षं कुणाकडे आहेत? तावातावाने उठलो. दाराशी त्यांनी थांबवलं आणि विचारलं, केरू बरा आहे ना. बंदी घालणारा माणूस हे विचारतो तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं असतं मला माहीत नाही. बरा आहे म्हटलं.

ता. १७ मार्च, रविवार

गेल्या रविवारपासून सुट्टीला गावी येऊन बाकडे शिकतो आहे. मीच म्हटलं, मला शिकव. तो हसला नाही, नाही म्हणाला नाही. हात बघितले, म्हणाला, "खडूचं हात." ढोल अजून दिलेला नाही. उपड्या टोपलीवर बोटं चालवायची. दर घटकेला "चुकलंस". काल मी चिडून टोपली फेकली. ती उचलून त्याने परत माझ्यापुढे ठेवली. "तू मारतंस," म्हणाला. "मारू नको, वाजव."

आज दुपारी सुभेदारांचं म्हणणं खरं ठरलं. मानकऱ्यांची दोन माणसं वाडीच्या वेशीपर्यंत आली आणि तिथूनच ओट्यावर बसलेल्या बाला हाक मारली. परिषदेत केरूने वाजवलं हे कर्णोपकर्णी गावात पोचलेलंच होतं. "केरू, शिमग्याला पालखीपुढं ये. पूर्वीसारखा मान देऊ. नायतर नदीकडची वाट बंद."

माझ्या तोंडात शब्द आलेच होते. बाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, टोपलीवर ठेवतो तसा. आणि त्यांना म्हणाला, "नाय."

"ठराव हाय म्हनून?"

"ठराव हाय. पन मी ठरावासाठी नाय म्हनत न्हाय. माजं मन नाय."

ती माणसं उभीच राहिली. साठ वर्षांत केरूला मन असल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं ऐकलं.

ता. २६ मार्च

शिमग्याच्या सुट्टीला गावी आलो आहे. काल होळी लागली. पालखीपुढे दुसऱ्या गावाहून आणलेले ढोल वाजत होते. नदीची वाट खरंच बंद केली आहे, वाडी वळसा घालून पाणी आणते, आणि जाता-येता बायका आमच्या दाराकडे बघतात. त्यांचा राग मला कळतो. वाळीत टाकलेल्या घरामुळे पाण्याला वळसा पडला की कोणाला राग येणार नाही? बा ओट्यावर बसून लांबचे ढोल ऐकत होता. "काठी जड पडतेय त्येंची," म्हणाला.

आज पहिल्यांदा ढोल गळ्यात दिलान त्याने. खांदा सोलून निघाला.

ता. २९ मार्च, शुक्रवार

शेजारच्या घरची मथुरा बाळंत झाली, मुलगा. आज पाचवा दिवस.

आमच्याशी रोटीबेटी बंद आहे, म्हणून वाडीतलं कोणी उंबरा चढत नाही. दुपार कलल्यावर मथुराची सासू जनी येऊन आमच्या अंगणाच्या कडेला उभी राहिली. आत आली नाही. आजूबाजूला बघून घेतलंन आणि बाला म्हणाली, "केरूदादा, नातवाची पाचवी हाय. वाजवशीला काय? कमिटीनं आमाला टाकलान तर टाकलान."

बाने मुंडासं बांधलं, ढोल उतरवला, पान शेकलं. मी काठी आणून दिली. तर त्याने ढोल माझ्या गळ्यात घातला.

"मला अर्धी येते," मी म्हटलं.

"तिकडं म्होरली सांगंन," म्हणाला आणि चालू लागला.

मथुराच्या दारात बाळाला घेऊन बायका बसल्या होत्या. सगळ्या वाडीची दारं उघडी होती आणि दारादारांत माणसं उभी होती. पुढे कोणी येईना. त्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्या सुरीला टाळ्या वाजवल्या होत्या. मला परत सगळ्यांचा राग आला, मानकऱ्यांचा, कमिटीचा, या दारांतल्या लोकांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. तो राग हातात उतरला आणि तिसऱ्याच ठोक्याला काठी कडाडली. बाळ दचकून रडायला लागलं.

मथुराने त्याला छातीशी घेतलं. मी थांबलो. जनी माझ्याकडे बघत होती.

"चुकलंस," बा सगळ्यांदेखत म्हणाला. "पयल्यापासनं."

बाळ गप्प होईपर्यंत आम्ही वाट बघितली. दारांतून कोणी आत गेलं नाही. मग मी पहिल्यापासून सुरू केलं.